सहाध्यायी अभिप्राय रकाना भरण्यापुरता नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसरे सत्र सुरू झाले की माध्यमिक शाळांत प्रकल्पांच्या सादरीकरणांची रांग लागते. गट पुढे येतो, तक्ता टांगतो किंवा स्मार्ट टीव्हीवर स्लाइड लावतो, बोलतो, टाळ्या होतात. शिक्षक विचारतात, “कसं झालं?” वर्ग एका सुरात सांगतो, “छान!” फार तर एखादी धीट मुलगी म्हणते, “आवाज अजून मोठा हवा होता.” एवढ्यावर ‘सहाध्यायी मूल्यमापन’ झाल्याची नोंद होते आणि पुढचा गट उभा राहतो. यात मुलांना दोष देता येत नाही. काय पाहायचे, किती लिहायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. साठ मुलांच्या वर्गाला हे शिकवून प्रत्यक्ष करून घ्यायला सात तासिका आणि मोजके कोरे कागद लागतात. तो हिशेब मांडण्यासाठी हे पत्र.

मागणी नवी नाही. महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय ऑगस्ट २०१० मध्ये निघाला. त्यात आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांची यादी आहे आणि तिच्या शेवटच्या ‘इतर’ या गटात प्रश्नावली, स्वयंमूल्यमापन, गटकार्य यांच्या शेजारी सहाध्यायी मूल्यमापनही बसवले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन असावे असे स्पष्ट म्हटले आहे. पण रकाना आला की त्याचे काय होते, हे शिक्षकांनी प्रत्येक मुलाविषयी लिहायच्या वर्णनात्मक नोंदींच्या वेळी सर्वांनी पाहिले. तयार वाक्यांच्या पुस्तिका आणि पीडीएफ फिरू लागल्या आणि मुलामागून मूल तीच नोंद उतरवली गेली. सहाध्यायी अभिप्रायाच्या तयार वाक्यांची पीडीएफ निघण्याआधी काही करता आले तर बरे.

आधी कागद. ए-फोर आकाराच्या कागदाचे चार तुकडे करावेत; एकेक तुकडा म्हणजे ऐकणाऱ्या मुलाने भरायची एक चिठ्ठी. त्यावर चारच ओळी असाव्यात. पहिली: या गटाचा मुख्य मुद्दा माझ्या शब्दांत, एका वाक्यात. दुसरी: कोणता पुरावा पटला, म्हणजे कोणता आकडा, आकृती, प्रयोग किंवा मुलाखत. तिसरी: कुठे समजले नाही, स्लाइडचा क्रमांक किंवा तक्त्यावरची जागा देऊन. चौथी: एकच बदल, तो कशासाठी हे सांगून. गुणांची चौकट नाही, चांदण्या नाहीत, हसरे चेहरे नाहीत.

दहा-बारा निकषांचा तक्ता देण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. एक तर पाच मिनिटांच्या बोलण्यावर दहा रकाने भरणारे मूल ऐकत नाही, खुणा करत बसते. दुसरे असे की, नॅन्सी फाल्चिकोव्ह आणि ज्युडी गोल्डफिंच या संशोधकांनी २००० साली उच्च शिक्षणातील ४८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सुटे सुटे पैलू वेगळे मोजण्यापेक्षा नीट समजलेल्या निकषांवर आधारलेला एकच एकूण निर्णय शिक्षकांच्या गुणांशी अधिक जुळतो, असे दिसले. तो अभ्यास गुणांविषयी आहे आणि महाविद्यालयीन वयाविषयी आहे, हे खरे. तरी नववीच्या मुलांकडून त्याहून बारीक मोजमापाची अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

चार ओळींतली पहिली सर्वांत मोलाची. पाहणाऱ्याला ती सोपी वाटते, कारण तिथे मत द्यायचेच नसते. जे कळले ते लिहायचे असते. मैत्री, भीती, परतफेड यांचा तिथे काही संबंध येत नाही. उदाहरण घेऊ. समजा, एका गटाने वाडीतल्या चार विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबरमध्ये आणि जानेवारीत मोजली आणि स्तंभालेख काढला. मोजमाप जमिनीपासून खाली पाण्यापर्यंतचे, मीटरमध्ये. ऑक्टोबरमध्ये ३ मीटर, जानेवारीत ५ मीटर. आलेखात जानेवारीचा स्तंभ अर्थातच उंच दिसतो. आता आठ चिठ्ठ्यांपैकी पाचांवर “जानेवारीत विहिरींचं पाणी वाढलं” असे आले, तर गटाला आपली चूक कोणी न सांगता कळते. त्यांनी तोंडाने “पाणी खाली गेलं” असे म्हटले असेलही, पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांनी आलेख उलटा वाचला. उपायही लगेच सुचतो: शून्याची रेषा वर घ्यायची आणि स्तंभ खाली लोंबते काढायचे, म्हणजे लांब स्तंभ आणि खोल पाणी एकाच दिशेला जातात. शिक्षकाला ही चूक दिसेलच असे नाही, कारण खोलीचे आकडे कसे वाचायचे हे त्याला आधीच ठाऊक असते. ते ठाऊक नसलेला श्रोता वर्गातच बसलेला असतो, आणि त्याचे न कळणे ही इथे सर्वांत उपयोगी माहिती आहे.

दुसऱ्या ओळीमुळे मुले आवाज, हातवारे आणि रंगीत अक्षरे यांतून बाहेर येतात. आपल्याकडे भाषणाला दाद द्यायची सवय वक्तृत्व स्पर्धांतून आलेली आहे. तिथे पाठांतर, आवेश आणि आरोह-अवरोह यांना गुण असतात आणि ते त्या ठिकाणी योग्यच आहे. प्रकल्पाच्या सादरीकरणात मात्र आवेशाने सांगितलेला बिनबुडाचा आकडा शांतपणे सांगितलेल्या मोजमापापेक्षा भाव खाऊन जातो. ‘कोणता पुरावा पटला’ असे विचारले की पुरावा होता का, हे आधी शोधावे लागते. बऱ्याच चिठ्ठ्यांवर ही ओळ कोरी राहिली, तर ती कोरी जागाही गटाला काहीतरी सांगते.

मग आवाजाचे काय? त्यासाठी चिठ्ठीची गरज नाही. मागच्या बाकांवर दोघांना बसवावे. ऐकू आले नाही की त्यांनी हात वर करायचा. वक्त्याला त्याच क्षणी कळते आणि तो त्याच क्षणी आवाज वाढवतो. संपल्यावर “आवाज लहान होता” हे सांगून कोणाचाच फायदा होत नाही.

चिठ्ठी हातात देऊन लगेच सुरुवात केली तर पहिल्या दिवशी “खूप छान माहिती दिली” हेच येईल. म्हणून एक तासिका सरावाची. शिक्षकाने स्वतः तीन मिनिटांचे मुद्दाम सदोष सादरीकरण करावे: एका आलेखावर एकक लिहायचे नाही, एक स्लाइड वर्गाकडे पाठ करून वाचून काढायची, निष्कर्ष न सांगताच “धन्यवाद” म्हणायचे. साठही मुलांनी चिठ्ठी भरायची. मग नावे न वाचता पंधरा-वीस चिठ्ठ्या मोठ्याने वाचून त्यांचे तीन गठ्ठे करायचे: कामाची, अर्धवट, बिनकामाची. कोणती कुठे टाकायची हे मुलांनीच ठरवायचे. “स्लाइड नीट नव्हत्या” ही अर्धवट. “दुसऱ्या स्लाइडवर पावसाचा आलेख होता, पण मिलिमीटर की सेंटीमीटर ते कळलं नाही, अक्षाला एकक लिहिलंत तर दोन वर्षांची तुलना करता येईल” ही कामाची. अर्धवट गठ्ठ्यातल्या पाच चिठ्ठ्या वर्गाने मिळून फळ्यावर पुन्हा लिहायच्या. कामाच्या चिठ्ठीत जागा असते, जागेवर काय होते ते असते आणि बदलल्याने श्रोत्याचे काय सोपे होईल ते असते. हे तीन भाग मुलांना याच वेळी सापडतात. शिक्षकाने आधी सांगून टाकू नयेत. शिक्षकाच्या सादरीकरणावर सराव केल्याचा आणखी एक लाभ असा की पहिला मार कोणा विद्यार्थ्याला बसत नाही. शिवाय सरांच्या चुका काढायच्या म्हटल्यावर वर्गात उत्साहाला तोटा नसतो.

आता वेळेचा हिशेब. साठ मुले, चार-चार जणांचे पंधरा गट. एका गटाला दहा मिनिटे: पाच मिनिटे बोलणे, एक मिनिट पूर्ण शांततेत चिठ्ठी लिहिणे, तीन मिनिटे तोंडी अभिप्राय, एक मिनिट गटाची स्वतःची नोंद. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत तीन गट होतात आणि उरलेली पाच मिनिटे तक्ते टांगण्यात, टीव्ही चालू होण्यात जातातच. म्हणजे पंधरा गटांना पाच तासिका. प्रत्येक सादरीकरणाला दोन गट निरीक्षक, म्हणजे आठ चिठ्ठ्या. बाकीच्यांनी ऐकायचे आणि प्रश्न विचारायचे. प्रत्येक गटाच्या वाट्याला निरीक्षणाचे काम दोनदा येते. सरावाच्या सोडून एकूण चिठ्ठ्या १२०, कागद तीस. साठही जणांनी प्रत्येक वेळी लिहावे असा आग्रह धरला, तर एकेका गटाच्या हातात छप्पन्न चिठ्ठ्या पडतात आणि एकही वाचली जात नाही.

वेळ पाळण्यासाठी टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या मंडळांची रीत सरळ उचलावी. अमेरिकेत १९२४ मध्ये सुरू झालेल्या या मंडळांत पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवी, सहाव्याला पिवळी आणि सातव्याला लाल खूण दाखवतात. वर्गातल्या पाच मिनिटांसाठी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मिनिटाला रंगीत घोटीव कागदाचे तुकडे दाखवले तरी भागते. लाल दिसल्यावर चालू वाक्य पूर्ण करून थांबायचे. पहिल्या गटाला दोन मिनिटे जास्त दिली की तिसऱ्या गटाचा अभिप्राय घंटेत बुडतो, आणि बुडतो तो नेहमी अभिप्रायच.

चिठ्ठी आधी, बोलणे नंतर, हा क्रम मोडू नये. आधी बोलू दिले तर वर्गातला पहिला हुशार मुलगा जे म्हणेल तेच उरलेले सात जण लिहितात. तोंडी अभिप्राय दोघांनीच द्यायचा, प्रत्येक निरीक्षक गटातून एकाने, चिठ्ठी हातात धरून. त्या वेळी सादर करणाऱ्या गटाने उत्तर द्यायचे नाही. “वेळच मिळाला नाही”, “ते आम्ही सांगितलं होतं, तुझं लक्ष नव्हतं” अशी वाक्ये सुरू झाली की अभिप्राय संपतो आणि वाद सुरू होतो. गटाला एकच मुभा असावी: न कळलेले पुन्हा विचारण्याची. “कोणती स्लाइड म्हणालास?” एवढे चालते. शिक्षकाने सर्वांत शेवटी आणि थोडक्यात बोलावे. मात्र एका गोष्टीवर त्याचे कान असलेच पाहिजेत. निरीक्षकही चुकतात, कधी कधी गटाचे बरोबर असलेले विधान ते ठामपणे चूक ठरवतात. तिथे शिक्षकाने त्याच तासिकेत दुरुस्ती करायची, नाही तर चुकीची माहिती सगळ्या वर्गाच्या डोक्यात पक्की होते.

शेवटच्या मिनिटात गटाने आठ चिठ्ठ्या चाळून स्वतःच्या वहीत दोन ओळी लिहायच्या: काय घेतले, काय घेतले नाही आणि का. ‘घेतले नाही’ ही मुभा खरी असली पाहिजे. दोन चिठ्ठ्या एकमेकींच्या उलट सांगत असतील, एकीत “आकडे फार” आणि दुसरीत “आकडे अजून हवेत”, तर गटाला निवड करावी लागते आणि कारण द्यावे लागते. चिठ्ठ्या त्याच दिवशी गटाच्या ताब्यात जाव्यात. तपासायला म्हणून शिक्षककक्षात गेलेला गठ्ठा परत येईपर्यंत नवा धडा सुरू झालेला असतो.

इथवर बऱ्याच शाळा पोहोचतात आणि इथेच थांबतात. सातवी तासिका कोणी ठेवत नाही, आणि आमच्या मते ती नसेल तर आधीच्या सहा वाया जातात. आठवडाभराने प्रत्येक गटाने दोन मिनिटे पुन्हा उभे राहायचे आणि संपूर्ण सादरीकरण नव्हे, फक्त बदललेला भाग दाखवायचा. पंधरा गट, तीस मिनिटे. विहिरींच्या गटाने लोंबत्या स्तंभांचा आलेख दाखवायचा. त्याच आठ निरीक्षकांनी पुन्हा पहिली ओळ लिहायची. आता किती जणांनी “पाणी खाली गेलं” असे लिहिले, हे मोजले की बदल लागू पडला की नाही ते उघड होते. ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्येच लिहून ठेवले आहे की शिकणाऱ्याला अपेक्षित दर्जा कळला पाहिजे, आपले काम त्याच्याशी ताडून पाहता आले पाहिजे आणि मधले अंतर कमी करणारी काही कृती करता आली पाहिजे. तिसरी गोष्ट करायला वेळापत्रकात जागाच नसेल तर पहिल्या दोन्ही निरर्थक होतात. दुसरी फेरी आहे हे आधीपासून माहीत असले की चिठ्ठ्यांची भाषाही आपोआप बदलते, कारण आपण सांगितलेला बदल पुढच्या आठवड्यात डोळ्यांसमोर होणार असतो.

गुणांचा प्रश्न दरवर्षी निघतो: मुलांनी दिलेले गुण अंतर्गत गुणांत धरावेत का? आमचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. गुण आले की मित्राला नऊ आणि भांडण असलेल्याला चार, शिवाय “तू मला दे, मी तुला देतो” हा व्यवहार मधल्या सुट्टीत ठरतो. त्याहून मोठे कारण वेगळे आहे. इस्रायलमधील रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुले पुढच्या कामात सुधारली. शेऱ्यासोबत गुणही मिळालेली मुले तशी सुधारली नाहीत. आकडा दिसला की नजर तिथेच थांबते. शिक्षकाला गुण द्यायचेच असतील, तर मुलाने लिहिलेल्या चिठ्ठीच्या दर्जाला द्यावेत, आणि तेही सरावानंतर.

अभिप्राय नेहमी भलेच करतो, असाही समज नको. क्लूगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये आधीच्या अभ्यासांतल्या ६०७ परिणामांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा सरासरी फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरलेली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या लायकीवर गेले की असे होते, हे त्यांचे स्पष्टीकरण. म्हणून चिठ्ठीवर माणसाविषयी काही नको. “तू हुशार आहेस” हेही नको, “तुला बोलता येत नाही” हे तर नकोच.

याच कारणाने तीन गोष्टींवर शेरा मारायला स्पष्ट बंदी असावी आणि ती सरावाच्या तासिकेतच सांगावी. पहिली, बोली आणि उच्चार. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले म्हणून विहिरीची खोली बदलत नाही. आपल्या वर्गांत न-ण वरून मुले हसतात, शिक्षकही नकळत हसतात, आणि ते मूल पुढच्या वेळी तक्ता धरून उभे राहण्याचे काम मागून घेते. दुसरी, कपडे, रंग, उंची, अंगकाठी. तिसरी, तोतरेपणा किंवा अडखळणे. टोस्टमास्टर्समध्ये ‘अं... आ...’ मोजणारा एक जण नेमलेला असतो. तिथले लोक प्रौढ आहेत आणि स्वतःहून आलेले आहेत. शाळेत हे मोजणे आणू नये. असा शेरा चिठ्ठीवर आला तर ती गटाकडे जाऊ न देता शिक्षकाने बाजूला काढावी आणि लिहिणाऱ्याशी एकटे बोलावे. त्यासाठी चिठ्ठीच्या मागे हजेरी क्रमांक असावा. पूर्ण निनावी चिठ्ठ्यांत टिंगल हमखास शिरते. पुढच्या बाजूला ठळक नाव असले तर पुन्हा ‘छान’ परततो. मागचा क्रमांक हा मधला मार्ग आहे; तो अगदी निर्दोष नाही, कारण मुले अक्षर ओळखतात.

पाचवी-सहावीच्या वर्गांना चार ओळी जास्त होतात. पहिली आणि तिसरी पुरे. चाळीसच मुले असतील तर दहा गट होतात आणि सादरीकरणाच्या तासिका चारांवर येतात. प्रोजेक्टर किंवा टीव्ही नसलेल्या शाळेत काहीच अडत नाही, उलट तक्त्यावरची जागा दाखवणे स्लाइड मागे नेण्यापेक्षा सोपे जाते.

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांना विनंती अशी की, हा विषय परिपत्रकाने कळवू नये. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एका शिक्षकाने पाच मिनिटे आपल्या विषयावर बोलावे, उरलेल्यांनी हीच चार ओळींची चिठ्ठी भरावी आणि तिचे तीन गठ्ठे करावेत. शिक्षकांच्या चिठ्ठ्यांत बिनकामाचा गठ्ठा किती उंच होतो, हे तिथेच दिसेल. या सगळ्याला ४५ मिनिटे पुरतात.

आपले,
माध्यमिक शाळांतील काही विज्ञान व भूगोल शिक्षक,
सातारा